तीजाचा कोसा

"बहन का लेना है, कि घर का?"

पंडरीच्या कापडबाजारात गादीवर मांडी ठोकून बसलेल्या दुकानदारानं उदयला एवढंच विचारलं. घर का म्हणजे बायकोसाठी, बहन का म्हणजे बहिणीला द्यायची, तीजाच्या सणासाठी. सकाळपासून हा प्रश्न त्यानं येईल त्या गिऱ्हाइकाला विचारला असणार आणि कोणाच्या कपाळावर आठी पडली नसणार. उदय मात्र चपला बाहेर काढून, पांढऱ्या चादरीवर गुडघे मोडून, समोर पडलेल्या दोन साड्यांकडे पाहत राहिला. एक हिरवी जॉर्जेट, बारीक काठाची. यंदा निम्मं रायपूर हीच नेसणार होतं. दुसरी कोसा, म्हणजे रानरेशीम. चांपा गावचा, न रंगवलेला, किड्यानं स्वतःभोवती जसा गुंडाळला त्याच रंगाचा. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, मातकट म्हणावा तर आतून उजेड. हिरवी मंजिरीची, म्हणजे बहिणीची. कोसा कोणाचा, तेही त्यावर हात टेकला त्याच क्षणी ठरलं होतं. पण ते 'बहन का' नव्हतं, 'घर का' तर नव्हतंच नव्हतं, आणि या दुकानात तिसरा कप्पा नव्हता. "दोनों बहन के," तो शेवटी म्हणाला. दुकानदारानं हातातली कैची खाली ठेवली. "तीजा में ऐसा नहीं करते, भैया. दोनों को एक ही गट्ठे का दो. रंग बदलो, कपड़ा मत बदलो. बहन लोग मरते तक याद रखती हैं." उदय हसला. बाहेरगावी राहून आलेला माणूस आपल्याच गावाच्या शहाणपणाला हसतो तसं. "पैक कर दो," तो म्हणाला. मान तापली होती, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

उदय भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की ही कुठल्या मोठ्या प्रेमाची गोष्ट आहे. पुण्यात त्याची चांगली नोकरी होती, गंधाली नावाची समजूतदार बायको होती, मुलगी होती, आणि यातल्या कशाबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार करायलाही छातीत थोडी धग लागते. गेल्या वर्षी वडील गेले, यज्ञेश्वरराव, आणि यंदा पोळ्याच्या आधी आईचा फोन आला. "मंजिरीले तं जावई आणून सोडतील. पण इंदूले आणाले घरचाच माणूस पाहिजे. तुझे बाबा जात होते. आता तू ये." गंधाली म्हणाली, "हरतालिकेला साड्या देतात तुमच्याकडे? किती छान." ती मुलीच्या परीक्षेसाठी मागे राहिली. छान. वडिलांच्या जुन्या स्कूटरवर पायापाशी साड्यांची पिशवी धरून ब्राह्मणपाऱ्याकडे, घरच्या आळीकडे निघताना तो शब्द त्याच्या टाळूला चिकटून राहिला. पुण्यातली हरतालिका म्हणजे नवऱ्यासाठी उपास, वाळूची पिंड, फार तर रात्रीची फुगडी. इथं तीजा म्हणजे माहेर. भाऊ सासरी जाऊन बहिणीला घेऊन येतो; उपासाच्या आदल्या सांजेला ती आईच्या हातचा कडूभात खाते, कारल्याची भाजी आणि भात; मग दिवस-रात्र पाण्याचा थेंब नाही; आणि दुसऱ्या सकाळी माहेरची नवी साडी नेसूनच उपास सोडते. ती साडी मग सासरच्या गल्लीत उलगडून दाखवली जाते. बाया काठ चिमटीत धरतात, पोत पाहतात. त्या बाईच्या पाठीशी एक घर उभं आहे याची ती साक्ष. उदयच्या घरचे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून आलेल्या कोणा कारकुनाचे वंशज, पण इतक्या पिढ्या इथलं पाणी पिऊन त्यांचीही हरतालिका केव्हाच तीजा झाली होती.

आणि इंदू काही त्यांच्या रक्ताची नव्हती. इंदू धर्मपाल साहूंची मुलगी. धर्मपालांचं बुढापाऱ्यात सायकलदुरुस्तीचं दुकान, यज्ञेश्वरराव कलेक्टर कचेरीत बाबू. तरुणपणी दोघांनी राजिमच्या जत्रेत देवाचा प्रसाद एकमेकांच्या तोंडात घातला आणि तिथपासून ते 'महाप्रसाद' झाले. छत्तीसगडात अशी मैत्री बांधतात, जन्माची, देवाला साक्षी ठेवून. एकदा बांधली की एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. "महाप्रसाद आहेत का घरात?" असं दारातून विचारायचं. त्याची आई ती आपली आई, त्याची मुलं ती आपली मुलं. जातपात आडवी येत नाही, असं सगळे अभिमानानं सांगत. सांगत, आणि खोटं सांगत. एका ताटात जेवायला जात आडवी येत नव्हती, एवढंच खरं. ब्राह्मणपाऱ्यातल्या पोरानं साहूंच्या पोरीकडे त्या नजरेनं पाहिलं असतं, तर हीच माणसं म्हणाली असती, अरे, ती तर बहीण तुझी! जात उंबऱ्याबाहेर तशीच्या तशी उभी राहावी आणि तिचं नाव मात्र कोणाला घ्यावं लागू नये, अशी ती सोय. उदयनं वर्षानुवर्षं हा राग पोसला होता. पुण्याच्या कचेरीत दुपारी डोळे मिटले की तो हा राग काढून घासूनपुसून ठेवी. फार उपयोगाचा राग. त्याच्याआड एक साधी गोष्ट झाकून जाई, की त्याला कोणी अडवलंच नव्हतं. अडवायची वेळ त्यानं कोणावर आणली नव्हती. तो बोललाच नव्हता.

बोलणार तरी काय? घडलं होतं ते एवढंच. श्रावणात इथल्या मुली अंधाऱ्या खोलीत टोपलीत गहू पेरतात. उजेड न लागल्यामुळे कोंब हिरवे होत नाहीत, पिवळे, पांढरट, लवलवीत वाढतात. त्याला भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ती तळ्यात सोडायची, आणि थोडे कोंब हाती राखून भेटेल त्याच्या कानावर खोचायचे. बुढा तालाबाच्या पायऱ्यांवर इंदू ओल्या पायांनी वर आली. परकराचा घेर गुडघ्याशी पिळून धरलेला, ओठांच्या वर घामाचे थेंब. तिनं आधी यज्ञेश्वररावांच्या कानावर कोंब खोचले, मग मंजिरीच्या, मग आपला सख्खा भाऊ सचिन होता त्याच्या, मग उदयच्या. "हलू नका नं भैया, पडतील," ती म्हणाली. तिच्या बोटांना मातीचा, दमट अंधाराचा वास. तळ्यावरून वारा आला, कानामागे ते कोंब हलले, आणि उदयच्या मानेपासून पाठीच्या कण्यातून काहीतरी खाली उतरलं ते उतरलंच. तिनं ते सगळ्यांना सारखंच दिलं होतं. त्यानं एकट्यानं ते वेगळं घेतलं. घरी येऊन ते कोंब त्यानं पुस्तकात ठेवले नाहीत, कुठं ठेवले नाहीत, पण तो रंग डोळ्यांत राहिला. पुढं तो इंजिनिअरिंगला गेला, ती बीरगांवात दिली गेली, नवरा तिथल्याच उरला भागातल्या कारखान्यात. लग्नात उदयनं पंगतीत बुंदी वाढली, आणि तिच्या पानात वाढताना झारा हलला म्हणून कोणीतरी हसलं. अंधारात उगवलेलं पिवळंच राहतं. आज त्या दुकानात कोशाची घडी उलगडली आणि तो रंग पुन्हा समोर आला, तेव्हा आपला हात पुढं गेला, आपण नेला नाही, अशी स्वतःची समजूत घालत तो ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत शिरला.

घरात कारल्याचा वास भरला होता. इंदूला त्यानंच पोळ्याच्या दिवशी बीरगांवहून आणलं होतं. वाटभर ती मागं बसून निवेदिताच्या, तिच्या मुलीच्या, नर्सिंगच्या ड्युट्या सांगत राहिली होती, आणि आधाराला तिनं स्कूटरची मागची स्टेपनी धरली होती, त्याचा खांदा नाही. एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं होतं. आता ती स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती आणि आई तिच्या केसांत तेल जिरवत होती. तिचं मराठी याच स्वैपाकघरात शिकलेलं, म्हणून आईसारखंच. मंजिरी कारली परतत होती. "आई, माझ्या डोक्यावर तं कधी इतकं तेल नाही ओतलं तू," मंजिरी म्हणाली. "तुझं डोकं आधीच चिकट आहे," आई म्हणाली. "अन् ही एक वर्षानं येते. तू तं दर महिन्याले येऊन माहा डबा रिकामा करतं." इंदू खदखदून हसली. "दीदी, जळून राहिली का तुम्ही? या, बसा इथं, मी लावून देतो." "तू बस गप. उद्या पाण्याविना जीभ टाळूले लागली, की मंग पाहू किती हसतं तं." उदय दारात पिशवी पाठीमागे धरून उभा. या तिघींच्या मधे कुठंच फट नव्हती. आपण आत गेलो तर भांड्याला भांडं लागल्यासारखा आवाज होईल असं त्याला वाटलं. इंदूचे डोळे मिटलेले, मान आईच्या गुडघ्यावर सैल पडलेली, कानशिलाशी पांढरे केस, पायांना ताजा माहूर, लाल आळता. या बाईनं सासरी कधी असे पाय पसरले असतील? धर्मपालांमागे सचिननं बुढापाऱ्याचं घर विकलं, बायकोपोरांना घेऊन सुरतेला गेला, आणि पहिल्याच तीजाला बहिणीला विसरला. तेव्हा यज्ञेश्वरराव म्हणाले होते, माझ्या महाप्रसादाची पोट्टी बिनामाहेरची राहणार नाही. आणि ते दर साल स्कूटर काढत राहिले. हे सगळं उदयला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याच्या डोक्यात त्या वेळी एकच होतं, की तिच्या हातात कोसा पडल्यावर तिचा चेहरा कसा होईल. आतापर्यंत तिला जे जे मिळालं ते घरानं दिलं. एकदा, एकदाच, काहीतरी त्यानं दिलेलं असावं. घराचं नाही, बाबांचं नाही, त्याचं. तिला ते कळावं. आणि कळूनही कोणाला काही बोलावं लागू नये. भित्र्या माणसाचं प्रेम असंच असतं, ते पावतीसुद्धा गुपचूप मागतं.

दुसऱ्या दिवशी, तीजाला, दिवे लागायच्या वेळी मधल्या खोलीत पूजेवर टांगायचा फुलांचा फुलोरा बांधून झाला. दोघींचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आवाज बसले होते. आईनं पाट मांडला, हळदीकुंकू ठेवलं, म्हणाली, "आण रे लुगडे. बाबा पाटावर ठेवत होते अन् मी कुंकू लावत होतो. ठेव." उदयनं पिशवीतून दोन्ही खोकी काढली. खोकी सारखीच होती, तेवढी काळजी त्यानं घेतली होती. आता वाटतं की खोकी तशीच बंद राहिली असती, तर? पण तीजाची साडी बंद राहत नाही. आईनं मंजिरीची घडी उलगडून तिच्या डोक्यावरून पदर घेतला, कुंकवाचं बोट लावलं. "छान आहे," मंजिरी म्हणाली, "हिरवा मले पाहिजेच होता." मग दुसरं खोकं. आईचा हात कोशावर पडला आणि तिथंच थबकला. बोटांनी पोत ओळखला. डोळ्यांआधी बोटांना कळलं. खोलीत फक्त समईच्या वातीचा चर्र आवाज. उदयनं इंदूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या एका क्षणासाठी त्यानं एवढं सगळं केलं होतं, आणि तो चेहरा उजळला नाही. तो बंद झाला. रस्त्यात अनोळखी माणसानं नावानं हाक मारल्यावर बाई पदर सावरते, तसं तिनं काहीतरी सावरलं.

"वा रे वा!" मंजिरी आधी हसलीच. "आमच्या नशिबी जॉर्जेट, अन् हिच्या नशिबी कोसा! काहून रे उदय, पुण्यात असंच वाटप असते का?" तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती उदयकडे पाहत राहिली. मोठी बहीण होती ती, त्याचं नाक पुसलेली. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचावं लागलं नाही. मग तिनं इंदूकडे पाहिलं. तेवढं एक पाहणं. त्यात शिवी नव्हती, संशयही धड नव्हता, नुसता एक हिशेब होता, मागच्या कितीतरी वर्षांवरून भरभर फिरून आलेला. आई घाईनं म्हणाली, "म्याच सांगतलं होतं त्याले. निवेदिताचं उद्या कुठं जमलं, तं इंदूजवळ एक चांगलं असावं म्हणून." "अन् माह्या पोराचं काय जमणारच नाही?" मंजिरी म्हणाली. विनोद होता तो, पण त्याला पाय नव्हते. आई खोटं बोलायला इतक्या चटकन धावली, याचा अर्थ आईला ठाऊक होतं. आणि इंदूनं आईकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून कळलं, की आईला ठाऊक आहे हे इंदूलाही आत्ताच समजलं. तिनं दोन्ही हातांनी कोसा उचलला आणि मंजिरीच्या मांडीवर ठेवला. "दीदी, तुमच्या रंगावर हे शोभते. मले हिरवी द्या." "नाही बाई," मंजिरी म्हणाली, "ज्याचं त्याले." "द्या नं दीदी." इंदूचा आवाज फुटला. "मोला उहीच लुगरा चाही, जइसन तुमला मिलिस." मराठी सुटून तिच्या तोंडात तिची स्वतःची भाषा आली होती. मला तेच लुगडं पाहिजे, जे तुम्हाला मिळालं. मंजिरीनं हिरवी साडी डोक्यावरून काढली, घडी घातली, पाटावर ठेवली. कोसाही तिथंच ठेवला. "मंग कोणालेच नको," ती म्हणाली आणि फुलोऱ्याखाली पूजेला बसली. इंदू तिच्या शेजारी बसली, पण मधे अंतर ठेवून. उदय भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला काहीतरी बोलता आलं असतं. माझी चूक झाली, म्हणता आलं असतं. दुकानदारानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, म्हणता आलं असतं. किंवा सरळ खरं. तो म्हणाला, "आई, समईत तेल घालू का?"

सकाळी गणपती आणायचा होता. गल्लीत ढोल सुरू झाले होते. मंजिरीनं जुनीच साडी नेसून, कोणाशी न बोलता, काकडीचा एक तुकडा तोंडात टाकून उपास सोडला. इंदूनं पिशवी भरली. "पारणं करून जा," आई म्हणाली, "म्या कढी केली." "जीव मळमळून राहिला आई, घरी जाऊन करीन." आईनं जोर केला नाही. इंदू न्हाणीघरात गेली तेव्हा आई उदयजवळ आली. रागावलेली नव्हती, थकलेली होती. "तुझ्या बाबांनं या दोन पोरींले सारखं केलं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रक्ताचं सारखं नसते रे. ते करावं लागते. दर सालचं करावं लागते. मंजिरीले पहिल्यांदा किती राग आला होता, तुले का माहीत? तू तं पुण्यात." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "जा, सोडून ये तिले. खड्डे पाहून चालव. पोटात काही नाही तिच्या."

बीरगांवच्या वाटेवरची भनपुरी आली. रस्ता ट्रकांनी भरलेला, हवेत लोखंडाची तांबडी धूळ, पावसानं तिचा चिखल झालेला. इंदूनं मागून म्हटलं, "गाडी थांबवा भैया." एका बंद चहाटपरीपुढं, निळ्या ताडपत्रीखाली ते उभे राहिले. तिनं पिशवी छातीशी धरली होती. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "आताचं नाही, तळ्यावरचं. पोट्टीले माहीत असते." वर्षानुवर्षं उदयनं हे वाक्य तिच्या तोंडी कितीदा घातलं होतं, आणि दर वेळी त्याच्या पुढं काहीतरी वेगळं यायचं. "मंग तू—" "मंग काय? काही नाही. तुमच्या मनातलं तुमचं. माह्यं काय जात होतं? मी तुमच्यासाठी येत होतो का? मी आईजवळ झोपाले येत होतो. बाबा दोघींले एकाच गठ्ठ्यातलं देत होते. सासू म्हणे, तुहे सगे विसरले, अन् हे परके बामन मात्र बरोबर येतात; मी मान वर करून म्हणत होतो, परके नाहीत." ती थांबली. सुकलेल्या जिभेनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला, जमला नाही. "आता मी आली, तं दीदी माह्याकडे पाहील, आई तुमच्याकडे पाहील. मी कोणाकडे पाहू? सांगा नं. तुम्ही साडी दिली, भैया, अन् घर काढून घेतलं." उदय म्हणाला, "मला तसं नव्हतं—" "माहीत आहे, तुम्हाले तसं नव्हतं. तुम्हाले कधीच काही नव्हतं." हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं बोलली, मुलाला समजवावं तशी. "पुढल्या साली नका येऊ घ्याले. मी सांगीन काहीतरी." तो मान डोलावत राहिला. एक ट्रक चिखल उडवत गेला, तिच्या पदरावर तांबडे शिंतोडे उडाले, तिनं ते पुसले नाहीत. त्याच्या डोक्यात किती सुंदर, किती करुण वाक्यं तयार होत होती, आणि सगळी त्याच्याबद्दल होती. पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या मनाची शिसारी आली. एवढी वर्षं या माणसानं तिच्यावर प्रेम केलं, आणि तिला काय लागतं हे एकदाही विचारलं नाही. विचारायला तिच्याकडे पाहावं लागलं असतं.

बीरगांवात तिची सासू ओट्यावरच बसली होती, शेजारच्या दोन बाया बरोबर. आज गल्लीतल्या सगळ्या सुना परतायच्या होत्या. "आगेस बहू! देखा तो, मइके ले का लुगरा मिलिस?" काय लुगडं मिळालं, दाखव. इंदू थबकली नाही. "फॉल लगाए बर दे हँव, अम्मा," ती सहज म्हणाली. टेलरकडे टाकलीय, फॉल लावायला. "का रंग?" तिनं उदयकडे पाहिलं नाही. "हरियर. दीदी के अउ मोर, एकेच." हिरवी; दीदीची नि माझी एकच. बायांनी माना हलवल्या, म्हातारी समाधानानं हसली. खोटं इतकं नीट, इतकं नवं, घडीसकट. उदयनं वाकून दोन्ही हात जोडले, आणि तेवढ्यात आतून निवेदिता आली, ड्युटीवरून नुकतीच परतलेली, पांढरा गणवेश अजून अंगावर, पाय धुऊन ओले. "नमस्ते मामा." इथली रीत उलटी आहे. भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो, भाचीच्याही. ही भूमी कौसल्येचं माहेर, म्हणून इथला प्रत्येक भाचा राम, असं म्हणतात. निवेदिता पाळण्यात होती तेव्हा इंदूच्या नवऱ्यानं हसत म्हटलं होतं, मामा, पाय पड, आणि उदय म्हणाला होता, आमच्यात नसतं हे. तेव्हापासून त्याला कोणी म्हटलं नाही. आता त्यानं चपला काढल्या आणि तो खाली वाकला. गुडघा फरशीवर टेकला. तिच्या घोट्यावर मोज्याच्या काठाचे वळ उमटले होते, बोटांच्या फटीत साबणाचा फेस राहिला होता. त्यानं दोन्ही पावलांना हात लावून ते कपाळाला लावले. "अरे मामा! आप कब से मानने लगे ये सब?" पोरगी हसत मागं सरली. बाया म्हणाल्या, बने करेस बेटा, बने करेस. चांगलं केलंस. काही हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. काही हलकं झालं नाही. इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते जे काही होतं ते गेलं होतं, एवढंच, आणि ते घेणारा कोणी नव्हता. उठून उभं राहायच्या आधी तो थोडा थांबला, कारण उठल्यावर इंदूचा चेहरा पाहावा लागणार होता. पण तो उठला तेव्हा ओट्यावर इंदू नव्हती. "अवइया बछर घलो आबे न बेटा, एला लेवाय बर?" म्हातारी विचारत होती. पुढच्या वर्षी येशील ना, हिला न्यायला? त्यानं आतल्या अंधाराकडे पाहिलं. उत्तर आतून यायला पाहिजे होतं, आणि सगळे जण तिकडेच कान लावून बसल्यासारखे त्याला वाटले. आतून आवाज आला तो लोटा माठात बुडवल्याचा. मग पाणी पिण्याचा. जुन्या साडीत, सासरच्या स्वैपाकघरात उभी राहून इंदू उपास सोडत होती. एका घोटामागून दुसरा, दम न घेता, पाण्याचा तो आवाज घशातून खाली जाताना दारापर्यंत ऐकू येत होता.